दुखणे अंगावर काढू नका!
कॅन्सरची वेदना, परिचारिकेची साथ आणि रुग्णाचा स्वतःचा ताबा

"सहन करायचं, दुसरं काय?" कॅन्सरच्या रुग्णाला भेटायला वस्तीत गेलो की हे वाक्य आम्हांला बहुतेक घरांतून ऐकू येते. कधी ते रुग्णाच्या तोंडून येते, कधी घरच्यांच्या, तर कधी भेटीला आलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या. ऑपरेशन झाले, रेडिएशनचा शेक झाला, केमोची सलाइने झाली. होता नव्हता तो पैसा गेला, कामावरच्या रजा संपल्या. आता जे दुखते ते मुकाट्याने सोसायचे, अशी एक समजूत आपल्या मनात घट्ट बसली आहे.

ही समजूत चुकीची आहे, हे आम्ही सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. कॅन्सर प्रत्येकाचा बरा होईलच असे कोणी सांगू शकत नाही. परंतु कॅन्सरची वेदना बहुसंख्य रुग्णांमध्ये ताब्यात आणता येते, आणि तीही बहुधा तोंडाने घ्यायच्या साध्या गोळ्यांनी. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागते ते योग्य औषध, ते कसे घ्यायचे हे समजावून देणारी परिचारिका आणि आपले दुखणे मोजून खरे सांगणारा रुग्ण. या तिघांपैकी तिसऱ्याकडे आपण कधी लक्षच देत नाही. या लेखात आम्ही मुख्यतः त्याच्याविषयी बोलणार आहोत.

कष्टकऱ्यांच्या घरात याचे महत्त्व अधिक आहे. नवरा कंपनीत, बायको चार घरची धुणीभांडी करायला, मुले शाळेत. रुग्ण दिवसभर घरात एकटा. रोज बुडवून उशाशी बसणे कोणाला परवडते? अशा घरातील रुग्णाला जर स्वतःला कळले की कोणती गोळी केव्हा घ्यायची, दुखणे मध्येच उसळले तर काय करायचे, कोणत्या लक्षणाला फोन करायचा, तर त्याचे दिवस माणसासारखे जातील. नाही कळले तर गोळ्या डब्यात पडून राहतील आणि माणूस भिंतीकडे तोंड करून कण्हत राहील.

वेदना कशाने होते?

कॅन्सरची गाठ हाडावर, आतड्यावर किंवा नसेवर दाबते तेव्हा दुखते. पण प्रत्येक दुखणे गाठीचेच असते असे नाही. ऑपरेशनच्या जागी व्रण ओढतो. स्तनाच्या ऑपरेशननंतर हात वर केला नाही तर खांदा आखडतो. तोंडाच्या कॅन्सरला शेक दिल्यावर तोंड सोलवटते. काही केमोने हातापायांना मुंग्या येतात. पडून राहून पाठीला जखमा होतात. शौचाला न झाल्याने पोट दुखते. या प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. म्हणून "दुखणे वाढले म्हणजे रोगच वाढला" असा निष्कर्ष घरच्या घरी काढू नये. दुखणे लपवणारे बरेच रुग्ण याच भीतीने लपवतात. विचारले तर आणखी वाईट काहीतरी ऐकावे लागेल, असे त्यांना वाटते.

दुखणे सांगायला आपल्या मायबोलीत शब्दांची कमतरता नाही. ठणका लागणे, कळ येणे, चमक मारणे, पीळ पडणे, आग होणे, मुंग्या येणे हे शब्द आपण रोज वापरतो. जाणत्या परिचारिकेला या शब्दांतून पुष्कळ कळते. आग होते, मुंग्या येतात, वीज चमकल्यासारखे होते असे रुग्ण म्हणाला तर ते नसेचे दुखणे असू शकते. त्याला नेहमीच्या वेदनाशामक गोळीबरोबर निराळे औषध लागते. पोटात पीळ पडून थांबून थांबून येणारी कळ निराळी, आणि हाडातला रात्रंदिवस ठणका निराळा. दवाखान्यात "दुखतंय" एवढाच एक शब्द बोलून आपण गप्प बसलो, तर डॉक्टरांना अर्धीच माहिती मिळते.

एका परिचारिकेने घातलेला पाया

इंग्लंडमध्ये सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाई होऊन गेल्या. जन्म १९१८ चा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले, तेव्हा त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. तेथे कॅन्सरने मरणाच्या दारात असलेल्या एका परागंदा पोलिश ज्यू तरुणाशी त्यांचा परिचय झाला. १९४८ साली तो वारला. त्या काळी अशा रुग्णांना दुखणे असह्य झाल्यावर इंजेक्शन देत. त्याचा अंमल उतरला की रुग्ण पुन्हा तळमळत असे आणि पुढच्या इंजेक्शनसाठी विनवण्या करीत असे. हे पालटायचे तर डॉक्टर व्हायला हवे, हे जाणून बाई वयाच्या तिशीनंतर वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या आणि १९५७ साली डॉक्टर झाल्या.

त्यांनी सांगितलेली गोष्ट साधी आहे. दुखणे उसळण्याची वाट पाहू नका, घड्याळ पाहून नेमाने औषध द्या. पहिल्या गोळीचा असर संपण्याआधी दुसरी पोटात गेली की वेदना डोके वर काढत नाही. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारले. वेदना फक्त शरीराची नसते, असेही त्या सांगत. मनाची भीती, घरादाराची काळजी, पैशाची ओढाताण, जगण्याच्या अर्थाविषयीचे प्रश्न हे सारे मिळून माणसाचे दुखणे होते. मुलीचे लग्न राहिले आहे, खोलीचे भाडे थकले आहे, या चिंतेत असलेल्या बापाला रात्री ठणका जास्त जाणवतो, हा आपल्याही घरातला अनुभव आहे.

१९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेवरील औषधांची तीन पायऱ्यांची पद्धत जगापुढे ठेवली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारख्या गोळ्या, दुसरीवर कोडीनसारखी मध्यम औषधे आणि तिसरीवर मॉर्फिन. २०१८ साली संघटनेने नवी मार्गदर्शक सूचना काढली. पायऱ्या आता ठोकळेबाजपणे चढायच्या नाहीत, रुग्णाचे दुखणे पाहून थेट वरच्या औषधानेही सुरुवात करता येते, असे आता मानले जाते. परंतु मूळ तत्त्वे तीच राहिली आहेत. शक्यतो तोंडाने, घड्याळाप्रमाणे, त्या त्या रुग्णाला पाहून आणि बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष देऊन औषध द्यावे.

यातील "बारीकसारीक गोष्टी" सांभाळण्याचे काम मुख्यतः परिचारिकेचे असते. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात. पण मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत पाठीमागे शे-दीडशे माणसांची रांग असते. गोळी घरी गेल्यावर तिचे काय होते, हे पाहायला डॉक्टर येऊ शकत नाहीत.

परिचारिका काय शिकवते?

अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे हाडांत कॅन्सर पसरलेल्या सुमारे पावणेदोनशे रुग्णांचा एक अभ्यास झाला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला वेदनेविषयीची छापील पुस्तिका दिली. दुसऱ्या गटाकडे सहा आठवडे परिचारिका घरी जात होत्या आणि मध्ये मध्ये फोन करीत होत्या. त्यांनी रुग्णांना दुखण्याची रोजनिशी लिहायला शिकवले, आठवड्याच्या गोळ्यांचा कप्प्यांचा डबा भरून ठेवायला शिकवले आणि गोळी पुरत नसेल तर डॉक्टरांशी नेमके काय बोलायचे याची तयारी करून घेतली. या दुसऱ्या गटाची सरासरी वेदना जवळपास एक तृतीयांशाने कमी झाली. पुस्तिकावाल्या गटात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. नुसता कागद हातात देणे वेगळे आणि शेजारी बसून शिकवणे वेगळे, हे यातून दिसते.

हे शिकवणे अवघड नाही. आपल्या घरात उपयोगी पडेल अशा रीतीने ते आम्ही येथे मांडतो.

पहिली गोष्ट, दुखणे मोजायचे. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही आणि दहा म्हणजे याहून जास्त दुखणे असूच शकत नाही. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही दोन्ही हातांची दहा बोटे असतात. "आज किती बोटं दुखतंय?" असे विचारावे. आजीने सात बोटे दाखवली, गोळीनंतर तासाने तीन दाखवली, तर गोळी लागू पडली हे सर्वांना कळते. दुखणे किती हे ठरवण्याचा अधिकार फक्त रुग्णाचा. "एवढं काही दुखत नसेल" असे म्हणण्याचा हक्क घरातल्या कोणालाही नाही.

दुसरी गोष्ट, वही ठेवायची. शाळेची जुनी वही चालेल. तारीख, वेळ, किती बोटे दुखले, कोणती गोळी घेतली, तासाने किती राहिले, शौचाला झाले का, झोप किती लागली, एवढे रकाने आखावेत. घरखर्चाचा हिशेब ठेवतो तसाच हा दुखण्याचा हिशेब. शाळेत जाणारी नात हे काम आनंदाने करते. पुढच्या तारखेला केसपेपरबरोबर ही वही डॉक्टरांसमोर ठेवावी. पंधरा दिवसांची हकीकत दोन मिनिटांत त्यांच्या ध्यानात येते.

तिसरी गोष्ट, घड्याळ. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर सुमारे चार तास राहतो. म्हणून ती बहुधा सकाळी ६, १०, दुपारी २, सायंकाळी ६ आणि रात्री १० अशी लिहून देतात. रात्री मध्येच उठावे लागू नये म्हणून काही वेळा झोपतानाची मात्रा वाढवून दिलेली असते. मात्रा किती हे डॉक्टरच ठरवतात. शेजारच्या रुग्णाची मात्रा आपल्याला लागू नाही. सावकाश विरघळणाऱ्या, बारा तासांच्या गोळ्याही असतात. त्या फोडू, कुटू किंवा चावू नयेत. तसे केले तर सारे औषध एकदम अंगात उतरते आणि ते धोक्याचे ठरते.

चौथी गोष्ट, मधल्या वेळचे दुखणे. नेमाने औषध चालू असतानाही अंघोळीच्या वेळी, कूस बदलताना किंवा ड्रेसिंगच्या वेळी एकदम कळ उसळते. त्यासाठी डॉक्टर जादा गोळी लिहून देतात. ती केव्हा घ्यायची, दिवसात किती वेळा चालेल, हे परिचारिकेकडून नीट विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. जादा गोळी वारंवार लागू लागली तर नेमाची मात्रा कमी पडते आहे, असे समजून फोन करावा.

पाचवी गोष्ट, पोट. मॉर्फिनने बहुतेक सर्वांना बद्धकोष्ठ होते आणि ते आपोआप जात नाही. म्हणून डॉक्टर सोबत जुलाबाचे औषध देतात. ते पहिल्या दिवसापासून रोज घ्यावे. आम्ही पाहिलेल्या रुग्णांत मॉर्फिन सोडून देण्याचे हे एक मोठे कारण होते. पोट फुगले, शौचाला होईना, की "ही गोळीच नको" म्हणून गोळी बंद. मळमळ आणि गुंगी पहिले काही दिवस राहते, मग बहुधा ओसरते.

औषधाशिवायही करण्यासारखे असते. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवून कुशीवर झोपणे, आखडलेल्या खांद्याला हलका व्यायाम, सावकाश श्वासाकडे लक्ष देणे. विपश्यना किंवा आनापान केलेल्या उपासक-उपासिकांना हे ठाऊकच आहे. पण हे गोळीच्या जोडीला करायचे, गोळीच्या जागी नव्हे.

अफूची गोळी आणि पाचवे शील

मॉर्फिन अफूपासून तयार होते, हे कळल्यावर आपल्या घरांत एक वेगळाच प्रश्न निघतो. आमच्या परिचयातील एका वयस्क उपासिकेने ही गोळी घेण्याचे नाकारले. "आयुष्यभर पंचशील पाळलं, आता शेवटाला नशा करू का?" असा तिचा प्रश्न होता. तो प्रामाणिक होता. त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे.

पाचवे शील मद्य आणि मादक पदार्थांनी येणाऱ्या बेसावधपणापासून दूर राहायला सांगते. ज्याने चित्तावरचा ताबा सुटतो ते टाळायचे. आता असह्य वेदनेत पडलेल्या माणसाचे चित्त कोठे ताब्यात असते? त्याला वंदना सुचत नाही, नातवाशी बोलवत नाही, घास गिळवत नाही. योग्य मात्रेतील औषधाने वेदना उतरली की तो उठून बसतो, बोलतो, ओळखतो. येथे औषध सावधपणा आणते. विनयपिटकातील महावग्गात भेसज्ज म्हणजे औषधांचा स्वतंत्र खंधक आहे. वातविकाराने आजारी भिक्खूसाठी तेलाच्या काढ्यात थोडे मद्य मिसळण्यास तथागतांनी परवानगी दिली, त्याचा रंग, गंध वा चव उमटणार नाही एवढेच, असे तेथे सांगितले आहे. भिक्खूंना नशेसाठी मद्य वर्ज्य होते, आजारासाठी औषध वर्ज्य नव्हते. हे समजावल्यावर त्या उपासिकेने गोळी घेतली आणि पुढचे काही महिने ती पौर्णिमेला विहारात येऊन बसत होती.

दुसरी भीती व्यसनाची. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी मॉर्फिन घेणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला व्यसन लागणे विरळा. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकाएकी बंद करायचे नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतात. सवय आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "आता घेतली तर पुढे लागू पडणार नाही" हीही भीती अनाठायी आहे. दुखणे वाढले तर मॉर्फिनची मात्रा वाढवता येते. तिसरी भीती म्हणजे "मॉर्फिन सुरू झाले, म्हणजे संपले." मॉर्फिन दुखण्यासाठी देतात, मरणासाठी नव्हे. उपचार चालू असतानाही ते देतात आणि उपचारांनी दुखणे कमी झाले तर बंदही करतात.

मात्र भीती नको याचा अर्थ निष्काळजीपणा चालेल असा नाही. गोळ्या कुलपात ठेवाव्यात. लहान मुलांच्या हाती लागू नयेत. घरातल्या दुसऱ्या कोणाला, कितीही कंबर दुखत असली तरी, त्यातली एकही देऊ नये. रुग्णाने दारू अजिबात घेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगावा. उरलेल्या गोळ्या जेथून आणल्या तेथे परत कराव्यात.

खरे सांगणारा रुग्ण

भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूची सेवा केल्याची हकीकत आपल्याला ठाऊक आहे. हगवणीने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवून ते स्वतः त्याच्या अंगावर ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले आणि मग भिक्खूसंघाला बोलावून समज दिली. ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने रोग्याची करावी, असा त्यांच्या उपदेशाचा आशय आहे. परमपूज्य बाबासाहेबांनीही "भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात तथागतांची रुग्णांविषयीची ही आस्था आवर्जून घेतली आहे.

या हकीकतीच्या पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. तेथे रुग्णाचे पाच गुण आणि शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण दिले आहेत. चांगला रुग्ण कोण? जो पथ्याचे ते करतो, जो मात्रा जाणतो, जो औषध घेतो, जो वेदनांनी खचून जात नाही, आणि जो आपल्या आजाराची खरी स्थिती शुश्रूषा करणाऱ्याला सांगतो. वाढला तर वाढला, उतरला तर उतरला, तसाच असेल तर तसाच आहे असे सांगतो. शुश्रूषा करणारा कोण? ज्याला औषध तयार करता येते, पथ्यापथ्य कळते, जो लोभाने नव्हे तर मैत्रीभावनेने सेवा करतो, ज्याला मलमूत्राची किळस नाही आणि जो रुग्णाला धम्माच्या चार गोष्टी सांगून धीर देऊ शकतो.

बंधू-भगिनींनो, विचार करा. आज परिचारिका वहीत लिहायला सांगते ती गोष्ट हीच नव्हे काय? धीर धरणे हा गुण तेथे आहेच, पण त्याच्याच जोडीला औषध घेणे आणि खरे सांगणे हेही आहे. नुसते सोसणे हा गुण म्हणून सांगितलेला नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, त्याचा निरोध होतो आणि त्याला मार्ग आहे, असे आपण मानतो. मग कॅन्सरच्या वेदनेपाशी येऊन पहिल्याच सत्याला का थांबावे? "मागच्या जन्मीचे भोग" म्हणून सोसणे तर आपण १९५६ सालीच टाकून दिले. अंगारे-धुपारे आणि भगताच्या दोऱ्यांवर पैसे घालवणारी घरे आजही आढळतात, त्यांनाही हेच सांगणे आहे.

आपल्या माणसांची आणखी एक सवय आहे. मोठ्या डॉक्टरांसमोर गेले की हात जोडायचे आणि "बरं आहे साहेब" म्हणायचे. रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसतो, तरीही "बरं आहे". पिढ्यान् पिढ्या वरच्यांसमोर गप्प बसायला लावल्याचा हा परिणाम आहे, असे आम्हांस वाटते. आमच्या माताभगिनींत तर तो जास्तच. आपले दुखणे सांगणे म्हणजे कुरकुर नव्हे. तो रुग्णाचा हक्क आहे आणि डॉक्टरांना ती मदतही आहे.

अफू आपल्या देशात, आराम मात्र मोजक्यांना

आपल्या देशात सरकारी परवान्याने मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात अफूची लागवड होते. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. तरीही आपल्याच कॅन्सरग्रस्तांना मॉर्फिन मिळणे फार कठीण होऊन बसले होते. अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा कायदा कडक होता आणि निरनिराळ्या परवान्यांच्या कटकटीपायी पुष्कळ रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. या कामातील डॉक्टर व कार्यकर्त्यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. कायदा बदलला, पण डॉक्टर-परिचारिकांचे प्रशिक्षण आणि औषधाचा पुरवठा सर्वत्र सारखा पोहोचलेला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी आजही चौकशी करूनच जावे लागते.

केरळने मार्ग दाखवला आहे. १९९३ साली कालिकतला वेदनामुक्तीचे काम सुरू झाले. तेथून गावोगावचे स्वयंसेवक तयार झाले. २००८ साली राज्य सरकारने त्यासाठी धोरण जाहीर केले. आज तेथे पंचायतीच्या परिचारिका घरोघर जाऊन अंथरुणावरच्या रुग्णांना पाहतात. मुंबईत बांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन हे देशातील पहिले हॉस्पिस सुरू झाले. परळच्या टाटा रुग्णालयात वेदना व परिहारक सेवेचा स्वतंत्र विभाग आहे. या सेवेला इंग्रजीत पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. रुग्णालयात गेल्यावर हाच शब्द विचारावा. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणाऱ्या बाहेरगावच्या बांधवांनी तर घरी परतण्यापूर्वी या विभागात जाऊन आपल्या जिल्ह्यात मॉर्फिन कोठे मिळेल आणि अडचणीच्या वेळी कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे अवश्य लिहून घ्यावे. २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रे या नावाने सुरू झालेल्या केंद्रांच्या सेवांतही परिहारक सेवेचा समावेश आहे. आपल्या केंद्रात ती मिळते का, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

ताबडतोब कळवा

पुढील लक्षणांना पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

• पाठीत दुखून पाय एकाएकी लुळे वा बधिर पडणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे. मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आल्याचे हे लक्षण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, उशीर झाला तर पाय कायमचे जातात.

• हाक मारून जाग न येणे, श्वास फार मंदावणे, बरळणे.

• औषध घेऊनही दुखणे सात-आठ बोटांच्या खाली न येणे.

• सतत उलट्या होऊन गोळी पोटात न टिकणे.

• तीन दिवस शौचाला न होणे.

• केमो चालू असताना ताप येणे.

विहाराने काय करावे?

आपल्या समाजातील कितीतरी लेकी परिचारिका झाल्या. आईबापांनी अर्धपोटी राहून त्यांना शिकवले. आज त्यांतील काही निवृत्त होऊन आपल्याच वसाहतींत राहत आहेत. त्यांना आमची नम्र विनंती आहे. परिहारक सेवेचे थोडे प्रशिक्षण घ्या आणि रविवारचे दोन तास आपल्या वस्तीला द्या. औषध तुम्ही लिहायचे नाही, ते डॉक्टरांचे काम. तुम्ही रुग्णाशेजारी बसून त्याला बोटे मोजायला, वही लिहायला, घड्याळ लावायला शिकवायचे आणि मधल्या दिवसांत फोन करून "आज किती बोटं?" एवढे विचारायचे.

महिला मंडळांनी वस्तीतील कॅन्सरग्रस्तांची यादी करावी, अर्थात घरच्यांच्या संमतीने. रकाने आखलेल्या वह्या, कप्प्यांचे गोळ्यांचे डबे, एक गजराचे घड्याळ, हवेची गादी एवढे साहित्य विहारात ठेवावे आणि गरजूला वापरायला द्यावे. जवळचे कोणते रुग्णालय मॉर्फिन देते, याची चौकशी करून पत्ता सूचनाफलकावर लावावा. तरुण मंडळाने रुग्णाला तारखेला नेण्या-आणण्याची पाळी लावावी. वर्षावासात एक दिवस महावग्गातील ते दहा गुण वाचून त्यावर चर्चा ठेवावी. याला वर्गणी फार लागत नाही. जयंतीच्या एका कमानीच्या खर्चात वर्षभराचे काम होईल.

घरातल्या माणसांनीही एक करावे. आज रात्री जेवणे झाल्यावर आपल्या रुग्णाजवळ बसा आणि विचारा, "दहातली किती बोटं दुखतंय?" जे उत्तर येईल ते खरे माना आणि वहीत लिहा. मग ती वही घेऊन दवाखान्यात जा आणि मान वर करून बोला.

जयभीम!